‘अवयव पाडा’ : एका एकवीस अंकी संख्येस अनावृत पत्र

प्रिय १४७५७३९५२५८९६७६४१२९२७,

तुला हाक मारायची तर धाप लागते. आपल्याकडच्या रीतीनं स्वल्पविराम दिले तर तू १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी दिसतेस. उजवीकडून बोट ठेवून एकं, दहं, शतं म्हणत निघालं की कोटी, अब्ज, खर्व मागे पडत जातात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची अठरा नावं दिली आहेत, त्यांतलं शेवटचं परार्ध. ते म्हणून झालं तरी तुझे डावीकडचे तीन अंक बिननावाचे उरतात. मग मी तुला ‘चौदाशे पंचाहत्तर परार्ध आणि वर काही’ असं वाचते.

तुझं खरं नाव मात्र लहानसं आहे. दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक. दोनाची दुप्पट चार, चाराची आठ, आठाची सोळा, अशी सहासष्ट वेळा दुप्पट करत जायचं आणि शेवटी एक काढून घ्यायचा, की तू.

मी शाळेत गणित शिकवत असे. फळ्यावर ‘अवयव पाडा’ असं लिहून खाली ९१ मांडलं की निम्मा वर्ग ओरडायचा, ‘बाई, ही मूळ संख्या आहे!’ दोनानं जात नाही, तिनानं जात नाही, पाचानं जात नाही, मग ती मूळच असणार. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, ‘तेरा साती एक्क्याण्णव.’ वर्ग एकदम गप्प व्हायचा. ती शांतता मला फार आवडायची. तू त्या ९१ ची थोरली बहीण आहेस. फरक इतकाच, की तुझ्या वेळी मागच्या बाकावरचा आवाज यायला दोनशे एकोणसाठ वर्षं लागली.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाची कोठारं रिकामी. चौसष्ट घरांचे मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात. पटाला आणखी तीनच घरं जोडली असती तर एकूण दाणे म्हणजे नेमकी तूच. त्या संख्येला आठानं गुणून सात मिळवले की तू येतेस. कागदावर करून पाहिलं, हातचे सांभाळले तर पाच मिनिटांचं काम आहे.

पण चौसष्ट घरांची ती संख्या तुझ्यासारखी हट्टी नाही. चौसष्टाचे दोन अर्ध होतात, म्हणून ती लगेच फुटते: दोनाचा बत्तिसावा घात वजा एक, गुणिले दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. त्यातला पहिला तुकडा पुन्हा तसाच फुटतो, आणि फुटत फुटत ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७ एवढे मूळ अवयव हाती येतात. घातांक संयुक्त असला की हे दार कायम उघडं असतं. तुझा घातांक ६७, तो स्वतःच मूळ. त्यामुळे तुझ्या घराला हे दार नाही. मात्र घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ असतेच असं नाही. दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. हे सोळाव्या शतकातच कळलेलं होतं.

तुझ्यासारख्या संख्यांचा एवढा ध्यास का, असं कुणी विचारलं तर मी युक्लिडचं नाव सांगते. ६ चे स्वतःहून लहान विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. तसंच २८ चं, ४९६ चं, ८१२८ चं. या परिपूर्ण संख्या. युक्लिडनं दाखवून दिलं, की दोनाचा एखादा घात वजा एक ही संख्या मूळ निघाली, तर तिला त्याआधीच्या घातानं गुणून परिपूर्ण संख्या मिळते. ७ गुणिले ४ म्हणजे २८. ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. तू मूळ असतीस तर तुझ्यातूनही एक परिपूर्ण संख्या जन्मली असती. तुझ्यावर आशा लावून बसलेल्यांना हेच हवं होतं.

सगळ्यात मोठी आशा लावली ती मर्सेन यांनी. पॅरिसच्या एका मठात राहणारे हे साधू सतराव्या शतकातल्या विद्वानांचं टपालघरच होते. देकार्त, फर्मा, कितीतरी जण त्यांना पत्रं लिहीत आणि मर्सेन एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवत. १६४४ मधल्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी घातांकांची एक यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी एवढ्यांनीच मूळ संख्या मिळते, बाकीच्यांनी नाही, असा त्यांचा दावा. तुझा ६७ त्यात आहे. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळही पुरणार नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. तू एकवीस अंकी. म्हणजे त्यांनी तुला तपासलं नव्हतं हे उघड आहे. तरी मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या यादीत पुढे पाच चुका निघाल्या: ६७ आणि २५७ चुकून आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. काहींना तर वाटतं, की मर्सेननी ६१ लिहिलं असेल आणि छापताना त्याचं ६७ झालं असेल. पण तपासून पाहण्यासारखं असं काहीतरी त्यांनी लिहून ठेवलं आणि तीनशे वर्षं लोकांना कामाला लावलं. गणितात असा चुकीचा दावाही मोलाचा असतो.

आणि तुझी किल्ली? ती १६४० मध्येच मर्सेनच्या टपालात येऊन पडली होती. फर्मा यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात होतं, की घातांक मूळ असेल तर अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाच्या दुपटीनं भागल्यावर बाकी एक उरते. हे माझ्या विद्यार्थ्यांना मी वारांच्या उदाहरणानं सांगायची. समजा, एखादी मूळ संख्या तुला भागते. तिनं दोनाच्या घातांना भागत गेलं तर बाक्यांचं एक चक्र फिरतं, आठवड्याच्या वारांसारखं. सदुसष्टाव्या पावलावर बाकी पुन्हा एक होते, आणि ६७ मूळ असल्यामुळे त्याआधी कधीच होत नाही. म्हणजे हे चक्र नेमकं सदुसष्ट पावलांचं. दुसरीकडे, फर्मांच्याच नियमानं त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जेवढी पावलं होतात तेवढ्या पावलांनीही बाकी एकच येते. मग त्या पावलांत ६७ चे पूर्ण फेरे बसलेच पाहिजेत. अवयव विषम असणार, त्यामुळे ६७ ऐवजी १३४. २०४७ वर पडताळा पाहा: २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १.

हा नियम नसता तर शाळेतल्या रीतीनं तुझ्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १२१५ कोटींपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहावं लागलं असतं. अशा संख्या पन्नास कोटींहून जास्त आहेत. नियमानं चाळण लावली की गर्दी एकदम हटते. अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकानं मोठा हवा. शिवाय त्याला आठानं भागल्यावर बाकी एक किंवा सातच हवी, हा आणखी एक नियम. या दोन चाळण्यांतून तुझ्या लहान अवयवापर्यंत सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार उरतात. पण तुझा लहान अवयव कुठवर आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

मग १८७६ साल आलं, आणि तुझ्या गोष्टीतला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा प्रसंग घडला. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी सिद्ध केलं, की तू मूळ नाहीस. तुझा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता, तरीही.

हे कसं शक्य आहे, असं मुलं विचारायची. ल्यूकांच्या कसोटीला लेमर यांनी १९३० च्या सुमारास जे सोपं रूप दिलं, ते शाळेच्या वहीतही बसतं. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनानं कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. ३१ घ्या, घातांक ५, म्हणजे तीन वेळा. चाराचा वर्ग वजा दोन, १४. चौदाचा वर्ग वजा दोन, १९४, बाकी ८. आठाचा वर्ग वजा दोन, ६२, आणि ३१ नं भागल्यावर बाकी शून्य. ३१ मूळ. हेच २०४७ ला नऊ वेळा केलं तर शेवटची बाकी १७३६ येते. म्हणजे ती फुटणार. कुठे, ते १७३६ सांगत नाही. तुझ्यासाठी हा वर्ग पासष्ट वेळा करावा लागतो, प्रत्येक वेळी वीस-एकवीस अंकी संख्येचा.

ल्यूकांबद्दल एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तीन खुंट्या आणि लहान-मोठ्या चकत्यांचं ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं त्यांनीच १८८३ मध्ये बाजारात आणलं. त्याच्याभोवती एक दंतकथाही रचली गेली: काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवतात, आणि काम संपलं की जगही संपेल. काशीत असं देऊळ नाही, कथा फ्रान्समधलीच. पण सदुसष्ट चकत्या घेतल्या तर कमीत कमी किती चाली लागतात? नेमक्या तुझ्याइतक्या, ना एक कमी ना एक जास्त. सेकंदाला एक चाल धरली तर ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ३४० पट. ज्या माणसानं तुला संयुक्त ठरवलं, त्याच्याच खेळण्यात तू चालींची मोजणी होऊन बसली आहेस.

१८७६ ते १९०३, सत्तावीस वर्षं तू अशी राहिलीस: फुटणार हे ठरलेलं, कुठे ते ठाऊक नाही. लहान संख्यांच्या बाबतीत फुटते हे कळणं आणि कुठे फुटते हे कळणं एकाच क्षणी घडतं. मागच्या बाकावरचा मुलगा ‘तेरा साती’ म्हणतो तेव्हा दोन्ही एकदम येतात, त्यामुळे आपण त्यांना एकच समजतो. ही दोन वेगळी ज्ञानं आहेत, आणि त्यांच्यात कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, हे तुझ्यामुळे मला पहिल्यांदा कळलं.

ते अंतर ओलांडलं फ्रँक नेल्सन कोल यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक, अमेरिकन गणित मंडळाचे अनेक वर्षं सचिव, तेव्हा वय बेचाळीस. ऑक्टोबर १९०३ च्या सभेत त्यांच्या व्याख्यानाची पाळी आली. विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचा. ते फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात काढला, त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर दोन संख्या मांडल्या,

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

आणि शाळेत करतात तसा उभा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले, सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला, प्रश्न कुणीच विचारला नाही. पुढे १९११ मध्ये त्यांना विचारण्यात आलं, की याला किती वेळ लागला? उत्तर आलं, तीन वर्षांचे रविवार.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती गणितज्ञ ई. टी. बेल यांच्या १९५१ मधल्या पुस्तकातून. १९०३ मध्ये बेल वीस वर्षांचे होते, आणि गोष्ट रंगवून सांगण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत. तेव्हा टाळ्या किती वाजल्या आणि कोल खरंच अवाक्षरही बोलले नाहीत का, यावर मी पैज लावणार नाही. पण त्याच वर्षी छापून आलेला कोल यांचा लेख आहे आणि त्यातले अवयव खरे आहेत. रविवारांवर मात्र माझा विश्वास बसतो. वर्गशेषांच्या चाळण्या लावून उमेदवार कमी करत जायची त्यांची रीत पाहिली, की हे काम सुटीच्या दिवशी, घरात, एकट्यानंच करायचं असतं हे कळतं. बरोबर अवयव सापडेपर्यंत केलेलं सगळं ‘हा नाही, हाही नाही’ एवढंच सांगत असतं.

मी तो गुणाकार स्वतः केला आहे. निवृत्तीच्या पहिल्या उन्हाळ्यात, चौकडीच्या वहीत, एका घरात एक अंक मांडून. नऊ अंकी संख्येनं बारा अंकी संख्येला गुणायचं म्हणजे संध्याकाळ जाणार असं वाटलं होतं. पण १९३७०७७२१ कडे नीट पाहिलं तर तिच्यात १ दोनदा आहे, ७ तीनदा आहे आणि एक शून्य आहे. म्हणजे खरे गुणाकार चारच: दोनानं, तिनानं, सातानं आणि नवानं. बाकीच्या ओळी उतरवून काढायच्या आणि एकेक घर सरकवायच्या. साताची ओळ ५३३२८६७८०१००९ येते. ती तीनदा लिहायची. मग आठ ओळींची बेरीज. पहिल्या खेपेला माझा एक हातचा राहिला आणि मधला अंक चुकला. नवाचा ताळा घेतला तेव्हा चूक लक्षात आली. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, शेष १. दुसऱ्याच्या अंकांची ६४, शेष १. गुणाकाराचा शेषही १ यायला हवा. तुझ्या अंकांची बेरीज १०९, शेष १. दुसऱ्या खेपेला ताळा जमला, तुझे एकवीसही अंक ओळीनं उभे राहिले, आणि मला वर्गातली ती शांतता आठवली.

कोल यांचं तीन वर्षांचं काम पाचवी शिकलेल्या कुणालाही एका संध्याकाळी तपासता येतं. कोल कोण होते, कुठल्या विद्यापीठात होते, यावर भरवसा ठेवायची गरजच पडत नाही. ल्यूकांची सिद्धता खरी होती, पण ती मान्य करायला ल्यूकांचं गणित समजावं लागतं. कोल यांचं उत्तर मान्य करायला पाढे पुरतात. माझ्या दृष्टीनं तुझी सगळी थोरवी यात आहे.

तुझ्या गोष्टीतलं ते अंतर आजही मिटलेलं नाही. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की संयुक्त हे खात्रीनं आणि वेगानं ठरवणारी रीत दिली. संख्येचे अंक वाढले तरी काम आवाक्याबाहेर जात नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. पण ती रीतही संयुक्त संख्येचे अवयव सांगत नाही. साध्या संगणकावर चालणारी, तितकीच वेगवान अशी अवयव पाडण्याची रीत आजही कुणाकडे नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि अॅडलमन यांनी याच अडचणीचं कुलूप केलं: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव स्वतःपाशी ठेवायचे. त्या पद्धतीच्या आजच्या कुलपांत ६१७ अंकी संख्या सर्रास असतात. २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकी एका संख्येचे अवयव पाडले गेले, तेव्हा एका संगणक-गाभ्याची सुमारे २७०० वर्षं खर्ची पडतील एवढं काम अनेक यंत्रांना वाटून द्यावं लागलं. तुझे एकवीस अंक आज साधा फोन क्षणात फोडतो. त्यानं तू लहान झाली आहेस असं मला वाटत नाही. कोल यांच्या हातात पेन्सिल होती.

आता हे पत्र वाचणाऱ्यांना माझी एक विनंती. घरात पाढे येणारं मूल असेल तर त्याला सोबत घ्या. चौकडीच्या वहीचं एक आडवं पान काढा. वर ७६१८३८२५७२८७ लिहा, खाली १९३७०७७२१. आधी दोन, तीन, सात आणि नऊ यांच्या ओळी बाजूला करून ठेवा, मग जागच्या जागी उतरवा. एकं स्थानी ७ येईल. बेरीज सावकाश करा, हातचे वर लिहा, शेवटी नवाचा ताळा घ्या. उत्तर या पत्राच्या पहिल्या ओळीत दिलं आहे, पण तुमचं संपेपर्यंत ते झाकून ठेवा.

तुझी,
गणिताची एक निवृत्त शिक्षिका